हाताच्या वायरी उलट

सर, मंगळवारी तुमची तसबीर उतरवली. ईसीजीच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून भिंती मोकळ्या केल्या होत्या. रंग वाळल्यावर रंगारी विचारायला आला, "मॅडम, साहेबांचा फोटो परत हितंच लावू का?" मी म्हणाले, "नको, तिथे तक्ता लागणार आहे." आता तिथे छातीच्या सहा लीड्स, म्हणजे मशीनच्या वायरी, नेमक्या कुठे लावायच्या याचा मोठा रंगीत तक्ता आहे, आणि तुम्ही चादरींच्या खोलीत, धुऊन आलेल्या गठ्ठ्यांशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे आहात. तोंड भिंतीकडे कोणी केलं हे विचारू नका. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली आहेत. गेल्या चार दिवसांत एकाही माणसाने ‘सर कुठे गेले’ असं विचारलेलं नाही. हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा होती, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिलं.

या महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. सुट्ट्या शिल्लक होत्या त्या घेतल्यात, आणि खडकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर वही उघडून भर दुपारी तुमच्याशी भांडायला बसलेय. जिवंतपणी तुमच्याशी भांडायची कोणाची टाप नव्हती, माझी तर नव्हतीच. मुद्दा एकच आहे आणि तो तुम्हाला ठाऊक आहे. एका पेशंटच्या फाइलमध्ये, पहिल्या दिवसाच्या पानावर, समासात तुम्ही एक ओळ लिहिलीत. लिहिलीत इंग्रजीत, मी मराठीत सांगते: ‘पहिला ईसीजी तांत्रिक चुकीमुळे ग्राह्य नाही. हाताच्या वायरी उलट.’ पानावरची बाकीची शाई काळी होती आणि ही ओळ निळी, कारण ती पंधरा-वीस दिवसांनी लिहिलेली होती. त्या निळ्या ओळीने माझी अब्रू घेतली. ती मी तुमच्याकडून परत घ्यायला आलेय.

हृदयविभागात तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वडील दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते, आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. बी.एस्सी. करून ईसीजीचा डिप्लोमा केला होता आणि सायकलवरून हॉस्पिटलला यायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "सायकलवर आलात? मग हात गार असतील. पेशंटला लावण्याआधी चोळून घ्या. तो आधीच घाबरलेला असतो, त्यात तुम्ही बर्फ लावू नका." तुम्ही स्वतः स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून ऊबदार करायचात आणि मगच छातीला लावायचात. धर्मादाय वॉर्डातल्या माणसाच्या खाटेवर बसायचात, त्याला ऊस किती लावला, पाणी कोणत्या कालव्याचं येतं ते विचारायचात, आणि तो बोलत असताना त्याची नाडी मोजून व्हायची. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले, आणि याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही सरसकट वाईट असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते.

पहिल्या महिन्यात मी ईसीजीच्या एका पट्टीवरचं, दोन लाटांमधलं अंतर नजरेनेच सांगितलं. तुम्ही खिशातून स्टीलचा कर्कटक काढून माझ्यासमोर ठेवलात. टोकं झिजून बारीक झालेली. "हा मला माझ्या सरांनी दिला होता. आता तुम्ही ठेवा. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बाई. डोळे आपल्याला हवं तेच बघतात." मी तो घरी नेऊन वडिलांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून टोकं तपासली आणि म्हणाले, "माणूस बारकाईचा दिसतोय." त्या दिवशी मला तुमचा किती अभिमान वाटला होता, सर. पुढे तुम्ही आणखी एक नियम घालून दिलात: पट्टी काढायची, वाचायची नाही. पेशंटने विचारलं तर ‘डॉक्टर सांगतील’, डॉक्टरांनी विचारलं तर ‘सर सांगतील’. मला पट्ट्या वाचता येत होत्या, तुम्हीच तर शिकवलं होतं. पण वाचता येणं आणि वाचण्याचा अधिकार असणं यात किती अंतर असतं, तेही तुम्हीच शिकवलंत.

मग बिबटे आले. उसात, विहिरीत, गोठ्यात सापडलेले बिबटे पकडून ज्या केंद्रात ठेवायचे, तिथले जनावरांचे डॉक्टर तुमच्या ओळखीचे होते. ते तपासणीसाठी बिबट्याला भूल द्यायचे, तेवढ्या वेळात त्याचा ईसीजी काढायची परवानगी तुम्ही मिळवलीत. तुमचं म्हणणं साधं होतं. माणसाचं हृदय ताटातून बिघडतं. तेल, तूप, साखर, तंबाखू. ज्या जनावराने यातलं काही चाखलेलं नाही त्याचं हृदय म्हणजे निरोगी हृदयाचा नमुना, आणि तो नमुना कागदावर आणायचा. दर पंधरवड्याला आपण जुन्या अँब्युलन्समधून निघायचो. तुम्ही पुढे, मी मागे मशीन मांडीवर घेऊन, खड्डा आला की मशीन पोटाशी धरायचं.

अजूनही डोळे मिटले की ते दिसतं. बिबट्या कुशीवर पडलाय, डोळ्यांवर ओलं फडकं, जीभ बाजूला लोंबतेय. जनावरांचे डॉक्टर श्वास मोजतायत. मी कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागचे केस काढून जेली लावतेय आणि चिमटे अडकवतेय. पंजा उचलायला दोन्ही हात लागतात. त्याच्या अंगाला ओल्या घोंगडीचा आणि रक्ताचा मिसळलेला वास येतोय. तुम्ही मागून म्हणताय, "बाई, घाई करू नका, पण उशीरही करू नका." तुमचं हे वाक्य ऐकून ते डॉक्टर दर वेळी हसायचे. मी कधीच उशीर केला नाही आणि एकदाही वायर चुकीची लावली नाही. जिथे चुकलं तर हात जाऊ शकतो तिथे मी चुकले नाही, सर.

पट्ट्यांचा तो कागद उष्णतेवर उमटणारा. काही वर्षांत आपोआप पुसट होत जातो, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर त्याहून लवकर. म्हणून मी प्रत्येक पट्टीची त्याच दिवशी ऑफिसमधल्या मशीनवर झेरॉक्स काढून माझ्या कपाटात लावायचे. मूळ पट्ट्या तुमच्या खोक्यात. या झेरॉक्स लावता लावताच मला ते दिसलं. एक मादी विहिरीत पडली होती, दीड दिवस कठड्याला धरून होती. वर काढल्या दिवशीच्या तिच्या पट्टीत टी नावाची लाट पार उलटी, खोल गेलेली होती. महिन्याभराने तीच मादी, तीच भूल, तोच मी लावलेला चिमटा, आणि लाट सरळ. मी मागच्या पट्ट्या काढून पाहिल्या. आणखी तीन जनावरांत तसंच. पकडल्या दिवशी हृदय बिघडलेलं, शांत राहिल्यावर सुधारलेलं. म्हणजे तेल नाही, तूप नाही, नुसत्या भीतीने हृदय आजारी पडतं, आणि भीती गेली की बरं होतं. मी आठही कागद जोडीजोडीने तुमच्या टेबलावर मांडले.

तुम्ही एक नजर टाकलीत. "भूल, ओली कातडी आणि जनावराची थरथर. पहिल्या दिवसाच्या पट्ट्या बाद धरा."

"सर, चारही जनावरं एकाच लीडमध्ये सारखीच कशी थरथरतील?"

तुम्ही चष्मा काढलात. "भीती हा ताटातला पदार्थ नाही, बाई. पट्ट्या तुम्ही छान काढता. तेवढं करत राहा."

मी कागद गोळा करून निघाले. तोवर मला राग आला नव्हता. तुम्हाला जास्त कळतं असंच मला वाटलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी विश्रांतवाडीहून त्या बाई आल्या. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळ मोकळं. नवरा जाऊन तीन दिवस झाले होते. बरोबर सून होती. मी छातीला लीड्स लावत असताना बाई म्हणाल्या, "छातीवर कुनीतरी बसल्यागत हाय बघा ताई, उठतच न्हाई." सून म्हणाली, "तीन दिस पाणीसुदीक नीट घेतलं न्हाई त्यांनी." पट्टी बाहेर यायला लागली आणि माझा हात थांबला. छातीच्या लीड्समध्ये टी लाट उलटी, खोल, रुंद. मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल तर विहिरीतली ती मादी. मी दोन्ही मनगटांवरच्या वायरी पाहिल्या, लाल उजवीकडे, पिवळी डावीकडे. बरोबर होत्या. हातांच्या वायरींवरून उमटणारी पहिली लीड सरळ होती. मी पट्टी घेऊन तुमच्याकडे धावले.

तुमची बॅग भरून तयार होती. संध्याकाळी दिल्लीला परिषदेसाठी जायचं होतं, तिथे बिबटेच मांडायचे होते. तरी तुम्ही आलात. चकती मुठीत गरम केलीत, खाटेवर बसलात, "मालक काय करायचे?" असं विचारलंत, तेव्हा त्या बाई पहिल्यांदा रडल्या. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवलात. रक्ताचा पहिला रिपोर्ट साधारण बरा होता. मग बाहेर येऊन मला म्हणालात, "नवरा गेलाय, बाई. छातीत नाही तर काय गुडघ्यात दुखणार? पित्ताची गोळी, झोपेची गोळी, आणि घरी."

मी म्हणाले, "सर, त्या मादीची पहिल्या दिवशीची पट्टी आठवा. अगदी तशीच आहे. दोन दिवस ठेवून घेऊ या ना."

"बिबट्याच्या पट्टीवरून माणूस ऍडमिट करायचा? उद्या वाघाच्या पट्टीवरून डिस्चार्ज द्याल."

आणि तुम्ही विमान पकडायला गेलात. त्या बाई घरी गेल्या. चौथ्या दिवशी त्यांना उचलूनच आणलं. ओठ निळे, छातीत पाणी भरलेलं, आडवं होताच येईना. सोनोग्राफीत हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगलेलं आणि हलायचं थांबलेलं. रक्तवाहिन्या तपासल्या तर स्वच्छ, एकही अडथळा नाही. अकरा दिवस आय.सी.यू.मध्ये काढून त्या वाचल्या, तुमच्याच उपचाराने वाचल्या, हे मी नाकारत नाही. तुम्ही त्यांच्यासाठी दोन रात्री घरी गेला नव्हतात. पण त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. आईला पहिल्या दिवशी घरी का पाठवलं, एवढंच विचारलं होतं त्याने. तुम्ही त्याला ‘माझं चुकलं’ म्हणाला असतात तर तो तुमच्या पाया पडून गेला असता, अशीच माणसं होती ती.

सोमवारच्या बैठकीत वीसेक माणसं होती. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मी दाराजवळ उभी. तुम्ही फाइल उघडलीत आणि म्हणालात, "पहिला ईसीजी धरता येत नाही. बाईंनी हाताच्या वायरी उलट लावल्या होत्या. होतं असं. सारखे बिबट्यांचे पंजे हातात धरल्यावर माणसाचा डावा-उजवा कळेनासा होतो." सगळे हसले. तुमच्या टोमण्यांवर हसायची पद्धतच होती. सर, हाताच्या वायरी उलट झाल्या तर पहिली लीड उलटी येते. छातीच्या सहा लीड्सना त्याचं काही देणंघेणं नसतं. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं, त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त तुम्हाला ठाऊक होतं. एक वयस्क डॉक्टर बुटांकडे बघत बसले. फाइलमधली मूळ पट्टी गायब होती. तिची झेरॉक्स माझ्या कपाटात, तिथून वीस पावलांवर होती. मी गेले नाही. माझी नेमणूक तात्पुरती होती, वडील त्याच वर्षी रिटायर होणार होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. मी तिथेच उभी राहिले आणि शेवटी "सॉरी सर" म्हणाले. त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

मला मेमो मिळाला. ईसीजीच्या खोलीतून काढून ट्रेडमिलच्या खोलीत टाकलं. बिबट्यांकडे दुसरा मुलगा जायला लागला. तुमचा लेख छापून आला, त्यात माझं नाव कुठेच नव्हतं आणि पहिल्या दिवसाच्या पट्ट्या ‘तांत्रिक कारणाने वगळल्या’ एवढा उल्लेख होता. जेवणाच्या सुट्टीत नवीन डॉक्टर मुलं माझ्याकडे बघून आपले दोन हात एकमेकांवर फुलीसारखे धरायची आणि खिदळायची. पेशंटसमोर विचारायची, "वायरी बघितल्यात ना, मॅडम?" वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "तू लावल्या होत्यास का उलट?" मी नाही म्हणाले. "मग झालं," म्हणाले. पण त्यांनीही विचारलंच, सर. ज्या वडिलांनी मला हाताची शिस्त लावली त्यांना ते विचारावं लागलं, आणि हे मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. देवाधर्माच्या गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, मेलेल्या माणसावर कसला राग. त्यांच्या फाइलमध्ये कोणी निळ्या शाईने काही लिहिलेलं नाही.

आता माझी बाजू ऐका. तुम्ही गेल्यावर मला पर्मनंट केलं, पुढे टेक्निशियन लोकांचं प्रमुखपद दिलं. गेली पंधरा वर्षं टेक्निशियनच्या प्रत्येक नव्या बॅचला मी त्या बाईंच्या पट्टीची झेरॉक्स दाखवते. पेशंटचं नाव झाकलेलं असतं, तुमचं नसतं. विचारते, "हाताच्या वायरी उलट आहेत का?" मुलं दोन मिनिटांत सांगतात, "नाहीत, मॅडम. पहिली लीड सरळ आहे." मग मी त्यांना तुम्ही काय लिहिलंत ते सांगते. आमच्याकडे कोणी आपल्या चुकीचं खापर मशीनवर फोडलं की आता मुलं म्हणतात, "झाला याचा सर." तुम्ही विद्यार्थ्यांच्या तोंडी राहावं अशी तुमची इच्छा होती. राहिलात.

दुःखाने, भयाने हृदयाचं टोक असं फुगतं आणि दिवसांनी पूर्ववत होतं, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. जपानी डॉक्टरांनी ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला नाव दिलंय. पकडलेल्या रानटी जनावराचं हृदय भीतीने जखमी होतं, हेही जनावरांचे डॉक्टर आता गृहीत धरूनच काम करतात. पिंजऱ्यावर अंधार करतात, गर्दी हटवतात, मोठ्याने बोलू देत नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर त्या केंद्रातली एक तरुण डॉक्टर मुलगी मला भेटायला आली. जीन्स, पाठीवर सॅक, हातावर नखांचे जुने ओरखडे. म्हणाली, "मॅम, सरांचा जुना डेटा हवाय. पहिल्या दिवसाचे ट्रेसिंग्ज कुठेच नाहीयेत." आम्ही दोघींनी स्टोअरमधून तुमची खोकी काढली. तुम्ही प्रत्येक पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर सुंदर अक्षरात क्रमांक घालून ठेवली होतीत. आम्ही एकेक पिशवी उघडली आणि आतून कोरा कागद निघाला. एक कोरा, दुसरा कोरा, सगळी खोकी कोरी. त्या मुलीचा चेहरा उतरला. मला मात्र हसू आवरेना, तिला वाटलं असेल म्हातारीला काही झालं. मग मी माझं कपाट उघडलं. सगळे बिबटे जागच्या जागी होते, काळेभोर, जोडीजोडीने. ती खाली फरशीवरच बसली आणि वाचायला लागली. अर्ध्या तासाने वर बघून म्हणाली, "मॅम, हे तर उघड दिसतंय. सरांनी हे मिस कसं केलं?" मी म्हणाले, "त्यांनाच विचार." तिच्या लेखात तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरलाय, आणि माझं नाव पहिल्या ओळीत आहे. छापायच्या आधी तिने मला वाचून दाखवलं. मी तिला ते परिच्छेद दोनदा वाचायला लावले.

आणि ती ओळ. तक्रार झालेली फाइल म्हणून ती रेकॉर्डमध्ये जपून ठेवलेली होती. आत्ताच्या विभागप्रमुख डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. गेल्या आठवड्यात मी फाइल आणि झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पट्टी पाहिली, तुमची निळी ओळ पाहिली, आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही हे इतकी वर्षं घेऊन फिरताय?" मग त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं की पहिला ईसीजी तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, वायरी योग्य लावलेल्या आहेत. सही केली. मी म्हणाले, शिक्काही मारा. त्यांनी मारला. घरी येऊन मी श्रीखंड आणलं आणि एकटीने खाल्लं.

इथेच थांबले असते तर हे पत्र चांगलं झालं असतं. ते पोचवायचंच म्हटलं तर पत्ता एकच, तुमच्या घरचा. काकू अजून तिथेच राहतात, आता ऐकू कमी येतं त्यांना. दर वर्षी तुम्ही गेलात त्या तारखेला त्या मला न चुकता फोन करतात. मोठ्या आवाजात म्हणतात, "तुम्ही सांगितलं होतंत हो त्यांना. ऐकलं नाही त्यांनी. स्वभावच तसा, काय करणार!" मी म्हणते, "हो काकू." त्यांच्यासाठी मी तुमच्या शेवटच्या दिवशी तुम्हाला सावध करणारी बाई आहे. हॉस्पिटलमध्येही सगळे तेच सांगतात, निरोप समारंभातही तेच सांगतील. म्हणून हे पत्र काकूंकडे जाणार नाही. वही कपाटात जाईल.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला तुम्ही स्वतः आलात. मला ईसीजीच्या खोलीत परत आणून सहा महिने झाले होते, बदलीचा माणूस सोडून गेला होता म्हणून. "बाई, माझी एक पट्टी काढा. डावा खांदा धरलाय. काल बागेत कुदळ मारली." शर्ट काढून आडवे झालात. बनियनला काखेत भोक होतं. मी लीड्स लावायला लागले तर म्हणालात, "वायरी बघून लावा हं," आणि स्वतःच हसलात. मी बघूनच लावल्या. पट्टी आली. व्ही टू आणि व्ही थ्री या छातीच्या लीड्समध्ये टी लाट उंच होती, बुडाशी रुंद, रेषेपासून नुकती उचलायला लागलेली. हार्ट अटॅकची ही अगदी पहिली खूण नवख्याला दिसली नसती. मला दिसली. मी म्हणाले, "सर, व्ही टू, व्ही थ्रीत टी उंच वाटतोय." हे मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खरं आहे. पुढे मी असं सांगितलं की तुम्ही हात झटकलात, ओपीडीत गेलात, आणि साडेदहाला खुर्चीतच कोसळलात. ओपीडीत गेलात हे खरं, कोसळलात हे खरं.

हात तुम्ही झटकला नव्हता, सर. पट्टी बराच वेळ धरून होतात. चष्मा काढून चादरीच्या कोपऱ्याने पुसलात, परत पाहिलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "परत काढू या का एक?" इतक्या वर्षांत तुम्ही मला पट्टीबद्दल पहिल्यांदाच काही विचारत होतात. अशी पट्टी आली की पेशंटला उठू द्यायचं नाही, दहा मिनिटांनी दुसरी काढायची, तोवर ड्युटीवरच्या डॉक्टरला बोलवायचं, ही त्या खोलीची रीत होती. रिक्षावाल्यांसाठी, भाजीवाल्यांसाठी मी ती पाळली होती, उशीर होतोय म्हणून त्यांच्या शिव्या खाऊन. मशीन चालू होतं, कागद भरलेला होता, बाहेर एकही पेशंट नव्हता. तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला नाही म्हणणं माझ्या हातात आलं, याचंच मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं. मी म्हणाले, "नको सर, ठीक आहे. उठा तुम्ही."